चादरीखालचा टीव्ही

हबीबा गुर्जीला माती दिली त्याच्या पाचव्या दिवशी दुपारी तिच्या घरात नऊ पुरुष होते. नऊ हा काही कामाचा आकडा नाही. ज्यूंमध्ये मेलेल्या माणसासाठी कद्दीशची प्रार्थना म्हणायची तर दहा पुरुष लागतात. नऊ असले तर देवाच्या लेखी घर रिकामंच. पूर्वी विहीरवस्तीत दहा पुरुष जमवायला दारात उभं राहून नुसतं खोकलं तरी पुरायचं. आता बिल्डरने अर्धी वस्ती उठवली होती. दारात उभं राहून हबीबाची मुलगी मर्सेल दोनदा खोकली. समोरच्या रिकाम्या घरातून एक मांजर बाहेर आलं आणि परत गेलं.

"मांजर चालत असेल तर बोलावू का?" तिच्या भावाने, हेझीने, आतून विचारलं.

"तू गप्प बस. तुझ्या हाताला वास येतोय."

वास अंब्याचा होता. हेझीची तेल अवीवच्या सेंट्रल बसस्थानकामागे साबिखची गाडी होती, आणि वीस वर्षं पावात वांगी, अंडं आणि वर पळीभर अंबा, म्हणजे कैरीची आंबट चटणी, घालून त्याची बोटं कायमची पिवळी झाली होती. सुतकात अंघोळ नसते. पाच दिवसांत हा वास घरात असा मुरला होता की भेटायला येणारे लोक गळाभेट घेताना श्वास धरायचे आणि बघणाऱ्यांना वाटायचं, हुंदका आला.

जमिनीवर गाद्या टाकल्या होत्या. मधल्या गादीवर मेनाशे, म्हणजे बाबा, मांडी घालून बसले होते. गेली दोन वर्षं त्यांच्या डोक्यातून एकेक वर्ष अलीकडून मागे गळत चाललं होतं, आणि सध्या बगदादच्या शाळेपर्यंत येऊन थांबलं होतं. एवढी माणसं ओळीने जमिनीवर बसलेली बघून त्यांची खात्रीच पटली होती की वर्ग भरलाय. आपली बायको गेली हे त्यांना रोज सकाळी सांगावं लागायचं. चौथ्या दिवशी मर्सेलने ते सांगणं बंद केलं.

त्यांच्या उजव्या हाताला त्यांचा मुलगा सासोन बसला होता. उपमंत्री सासोन गुर्जी, सुतकाच्या रिवाजाने फाडलेल्या कॉलरचा शर्ट, कापडी सपाता, पाच दिवसांची दाढी. दाढी पांढरी निघाली होती. मतदारांना हे माहीत नव्हतं.

आणि समोर टीव्ही होता, निळ्या फुलांच्या चादरीखाली.

चादर हागितने घातली होती. सुतकात आरसे झाकायची पद्धत गुर्जींच्या घरात नाही, पण हागितच्या, म्हणजे सासोनच्या बायकोच्या, माहेरी, पोलंडवाल्यांकडे, आहे. म्हणून पहिल्या दिवशी तिने दिवाणखान्यातला आरसा झाकला, मग न्हाणीतला, मग कपाटाची काच, आणि शेवटी टीव्ही, कारण बंद टीव्हीतही माणूस दिसतो. मर्सेल हात बांधून हे बघत होती. सगळं झाल्यावर म्हणाली, "फ्रिज राहिला." हागितने फ्रिजसमोर वाकून बघितलं, त्यात काही दिसत नव्हतं, तो तिने सोडून दिला.

आज त्या टीव्हीचा आवाज चालू होता. चादर तशीच. वस्तीचे धर्मगुरू हाखाम शौल यांनी हरकत घेतली होती की सुतकाच्या घरात टीव्ही बघणं बरं नव्हे. मर्सेल म्हणाली, "बघतंय कोण? ऐकतोय." हाखाम थोडा वेळ विचार करून टीव्हीच्या जवळ सरकले, कारण त्यांना कमी ऐकू यायचं.

चादरीखाली जेरुसलेमहून क्नेसेटमधली, म्हणजे संसदेतली, चर्चा चालू होती. एका लठ्ठ जमीन-विधेयकाच्या पोटात एक बारकं कलम होतं. ते मंजूर झालं की विहीरवस्तीत उरलेल्या घरांना दुसरं घर द्यायची अट बिल्डरच्या मानेवरून उतरणार होती. नुसती नोटीस लावायची आणि यंत्र आणायचं. मेनाशे आणि हबीबा एकोणीसशे बावन्न साली निर्वासितांच्या तंबूतून या घरात आले तेव्हा सरकारी माणसाने किल्ली देऊन सांगितलं होतं, तात्पुरतं आहे. त्याआधी इथे जे अरब राहायचे ते युद्धात घरं सोडून गेले होते, त्यांची विहीर राहिली होती; तिचंच नाव वस्तीला पडलं. त्यांनाही कुणीतरी तात्पुरतं असंच सांगितलं असेल. कागद ना त्यांच्याकडे राहिला ना गुर्जींना मिळाला.

मतदान संध्याकाळी पाचला होतं. एका मताचा फरक पडेल असं सगळे म्हणत होते. आणि ते एक मत गादीवर बसून खजूर खात होतं.

*

मर्सेलला सगळ्यात जास्त राग स्वतःचा आला होता, आणि म्हणून ती तो इतरांवर काढत होती.

चूक तिने दफनभूमीतच केली होती. सत्ताधारी आघाडीची प्रतोद ओस्नात तिथे काळा चष्मा लावून आली होती. पाच मिनिटं रडल्यावर तिने मर्सेलला बाजूला घेऊन विचारलं होतं, "सासोन सातही दिवस बसणार ना? म्हणजे मला तशी वजावट लावायला." मर्सेलला वजावट म्हणजे काय ते माहीत नव्हतं. तिच्या शेजारी हागितचं अख्खं माहेर उभं होतं, ज्यांच्यातला एक मेहुणा वडील गेले तेव्हा तिसऱ्या दिवशी ऑफिसला गेला होता. मर्सेल सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली, "आमच्या घरात सात दिवस माणूस उंबरा ओलांडत नाही. भूकंप झाला तरी."

ओस्नातने तिचे दोन्ही हात हातात घेतले. मर्सेलला वाटलं, किती मान दिला.

वजावट म्हणजे काय ते हेझीने तिला तिसऱ्या दिवशी सांगितलं. क्नेसेटमध्ये एका बाजूचा खासदार सुतकात असला की माणुसकी म्हणून दुसऱ्या बाजूचाही एक खासदार घरी बसतो. दोघं एकमेकांना कापतात, हिशेब आहे तसा राहतो. त्याच दिवशी मतदान आठवडाभर अलीकडे ओढल्याची बातमी आली. मर्सेलने ओस्नातने धरलेले हात साबणाने धुतले. सुतकात हात धुवायला बंदी नाही.

तेव्हापासून ती आणि हेझी एका बाजूला होते. आईच्या सोन्याच्या बांगडीवरून ही दोघं चार वर्षं एकमेकांशी बोलत नव्हती. आता स्वयंपाकघरात डोक्याला डोकं लावून कुजबुजत होती. आई असती तर खूश झाली असती, आणि मग म्हणाली असती की काहीतरी वाईट घडणार.

चौथ्या दिवशी मर्सेलने हाखाम शौल यांना धरलं. "हाखाम, लोकांच्या कामासाठी सुतकातून उठता येतं का?"

"लोकांचं काम म्हणजे?"

"चाळीस घरं."

"तीन दिवस झाल्यावर येतं. चाळीस घरं म्हणजे येतंच. त्यातलं एक माझं आहे."

पण सासोनने हे ऐकून मान हलवली. "बाहेरच्या जगासमोर मर्सेलने शब्द दिलाय. गुर्जी उंबरा ओलांडत नाही. लोकांनी ऐकलंय."

"तू योम किप्पूरच्या उपासाला याफोच्या बंदरावर कोळंबी खाल्लीस," मर्सेल म्हणाली. "तेही लोकांनी बघितलंय. तेव्हा कुठे गेला होता उंबरा?"

"कोळंबी वेगळी. ही आई आहे."

मर्सेल स्वयंपाकघरात गेली आणि तिने कधीचे धुतलेले ग्लास पुन्हा धुतले.

*

दहावा पुरुष तीन वाजता आला, आणि तो विरोधी पक्षाचा खासदार होता.

गिओरा प्लास्कोव्ह, उत्तरेकडच्या किबुत्झचा, म्हणजे सामुदायिक शेतीवाल्या गावचा, साठीचा, उंच, दारात वाकून आत आला. "मला आज काही काम नाही," तो म्हणाला. "म्हटलं, ज्याच्यामुळे काम नाही त्याला भेटून यावं. देव तुमचं सांत्वन करो वगैरे. मला शब्द नीट येत नाहीत."

"ही वजावट," सासोनने त्याची ओळख करून दिली.

"पुरुष आहे ना?" हाखाम शौल यांनी विचारलं. "टोपी द्या त्याला."

प्लास्कोव्हने तेराव्या वर्षानंतर प्रार्थना म्हटली नव्हती. त्याला मेनाशेंच्या शेजारी उभं केलं. दुपारची प्रार्थना झाली, कद्दीश झालं. सगळे आमेन म्हणायचे त्याच्या अर्ध्या क्षणानंतर प्लास्कोव्ह आमेन म्हणायचा, त्यामुळे घर नेहमीपेक्षा भरलेलं वाटलं. बाबांनी त्याला कोपराने ढोसून सांगितलं, "मास्तर बघतायत. माझ्या पाठोपाठ म्हण."

प्रार्थनेनंतर मर्सेलने त्याच्यासमोर कडू कॉफी, काअक बिस्किटं आणि खजूर ठेवले. हेझी त्याच्या बाजूला येऊन बसला. प्लास्कोव्हने श्वास धरला.

"मला एक सांगा," हेझी म्हणाला. "तुम्ही तिथे असता तर या कलमाच्या विरोधात मत दिलं असतं?"

"अर्थात."

"आणि हा तिथे असता तर?" हेझीने भावाकडे बोट दाखवलं. पिवळं बोट.

"तो आघाडीचा. बाजूने दिलं असतं. म्हणून तर वजावट."

"याने विरोधात दिलं असतं," मर्सेल म्हणाली.

"कोण म्हणतं?" सासोन म्हणाला.

"तू म्हणालास. पुरीमच्या सणाला. आईसमोर. या गादीवर. म्हणालास, आई, माझं मत या घरावर यंत्र चालवायला मिळणार नाही."

"तसं म्हणालास?" प्लास्कोव्हने विचारलं.

सासोनने तोंडातली खजुराची बी हातात काढली. प्लास्कोव्हने काअक खाली ठेवला. तो तसा संथ माणूस होता, शेतात वाढलेला. त्याने आधी एक बोट वर केलं, मग दुसरं, मग दोन्हींकडे बघितलं.

"म्हणजे आपण दोघंही विरोधात आहोत," तो म्हणाला. "मग मी इथे गैरहजर आहे तो नक्की कुणाविरुद्ध?"

चादरीखाली कुणीतरी बाराशे सालापासूनच्या जमीन कायद्यांचा इतिहास सांगत होतं.

"माझी गाडी बाहेर उभी आहे," प्लास्कोव्ह म्हणाला. "चालक गाडीतच आहे. आत्ता निघालो तर पाचच्या आत पोचू. वजावट मी सोडली. तू तुझी सोड. चल."

असं म्हणून तो उठलासुद्धा. हेझीला वाटलं, झालं. इतकं सोपं होतं. इतक्या वर्षांत या घरात पहिल्यांदा कुणी उंच माणूस चांगली बातमी घेऊन आला.

"संध्याकाळच्या प्रार्थनेला दहा कसे होतील?" सासोन म्हणाला.

"काय?"

"आपण दोघं गेलो तर आठ उरतात. आईचं कद्दीश चुकेल."

हेझीने मोजलं. बाबा, तो स्वतः, हाखाम, मर्सेलचा नवरा राहमीम, आणि चार शेजारी, ज्यांतल्या दोघांना जिना उतरता येत नव्हता म्हणून ते पाच दिवस इथेच राहिले होते. आठ. अजून दोन पुरुष. कधीकाळी शंभर घरं होती या वस्तीत.

"तू ऊठ, बूट घाल," हेझी म्हणाला. "दोन माणसं मी आणतो."

*

हेझी निघाला. सुतकातला माणूस रस्त्यावर धावताना दिसला की लोक थांबून विचारतात, काय झालं. इथे विचारायला लोकच नव्हते. शाहरबानींच्या घराच्या खिडक्या काढून नेल्या होत्या. मुराद न्हाव्याच्या दुकानात कुणीतरी वाळू टाकली होती. प्रार्थनाघराला कुलूप होतं. तिथे दहा जमत नाहीत म्हणून हाखाम शौल वर्षभर घरीच असत.

सासोनने याच रस्त्यावर नाव कमावलं होतं. एकोणीस वर्षं सकाळच्या रेडिओवर. या विहिरीच्या कठड्यावर टेपरेकॉर्डर ठेवून त्याने आईला, मुरादला, शाहरबानीच्या म्हातारीला बोलतं केलं, आणि मग ते आवाज घेऊन तो गृहनिर्माण मंत्र्यांच्या कार्यालयात गेला. मंत्री बराच वेळ बोलले. सासोन थांबला आणि म्हणाला, "एका शब्दात सांगा. हो की नाही?" मंत्र्यांच्या घशातून जो आवाज निघाला तो तीन दिवस सगळ्या देशाने ऐकला. तेव्हापासून ते वाक्य त्याचंच झालं. बसमध्ये अनोळखी माणसं एकमेकांना म्हणायची. आई जेवायला वाढताना म्हणायची, "भात घेणार? एका शब्दात." पक्षाने उमेदवारांच्या यादीत सातवी जागा दिली तेव्हा भिंतीवर लावलेल्या त्याच्या मोठ्या चित्राखालीही तेच वाक्य होतं. हेझीने त्या निवडणुकीत प्रत्येक साबिखबरोबर एक कागदी झेंडा फुकट दिला होता.

कोपऱ्यावर बिल्डरचा पहारेकरी खुर्ची टाकून बसला होता. रिकाम्या घरांत कुणी शिरू नये म्हणून.

"तू ज्यू आहेस?" हेझीने विचारलं.

पहारेकऱ्याने सूर्यफुलाच्या बिया थुंकल्या. "का?"

"तासभर काम आहे. फुकट साबिख. आयुष्यभर."

त्याचं नाव गेना, तो खारकीव्हहून आलेला. त्याच्याबरोबर पत्र्याच्या छपराखाली अजून एक जण झोपला होता, शिमोन, यंत्र चालवणारा. यंत्र तिथेच उभं होतं, पिवळं, नवंकोरं, पंजा खाली टेकवून. शिमोनला यायला हरकत नव्हती. त्याला तसंही भिंती बघायच्या होत्या.

हेझी दोघांना घेऊन घरात शिरला तेव्हा त्याला स्वतःचा अभिमान वाटला, आणि लगेच वाटेनासा झाला.

"तुझी आई ज्यू होती?" हाखाम शौल यांनी गेनाला विचारलं.

"आई अकाउंटंट होती."

"आणि तिची आई?"

"ती ज्यू होती. तिने कुणाला सांगितलं नव्हतं."

"मग चालेल. आणि हा?"

शिमोनच्या डोक्यावर पिवळं हेल्मेट होतं. त्याने ते काढायला हात वर नेला.

"राहू दे," हाखाम म्हणाले. "डोकं झाकलंय ना, झालं."

शिमोनने आत येताना चौकटीवरच्या धर्मलेखाच्या डबीला हात लावून तो ओठांना लावला, आणि मग त्याच हाताने चौकटीजवळची भिंत दोन ठिकाणी ठोकून बघितली. "मातीची आहे," तो गेनाला हळूच म्हणाला. "एका सकाळचं काम." मर्सेलने त्याच्यासमोरही कॉफी ठेवली. पाहुण्याला कॉफी द्यावीच लागते.

आता घरात बारा पुरुष होते. दोन गेले तरी दहा.

"चला," प्लास्कोव्ह म्हणाला. तो उभाच होता.

सासोन गादीवर नव्हता.

*

तो स्वयंपाकघरात होता, फ्रिजसमोर, आणि हागितने त्याला तिथे गाठलं.

हागितला या घरात बत्तीस वर्षं पाहुणी म्हणून वागवलं गेलं होतं. सासूबाई तिला पहिलं ताट वाढायच्या आणि पातेल्याला हात लावू द्यायच्या नाहीत. मर्सेल तिच्याशी बोलताना आवाज मोठा करायची, जणू पोलिश लोक बहिरे असतात. हागितचं स्वतःचं घर उत्तर तेल अवीवमध्ये होतं, चौथ्या मजल्यावर, त्याच्या कागदावर चार शिक्के होते. हे कलम मंजूर झालं काय, पडलं काय, तिचं काही जाणार नव्हतं. म्हणून सगळ्यांनी धरून चाललं होतं की ती नवऱ्याच्या बाजूने आहे.

"तुझे बूट दाराशी ठेवलेत," ती म्हणाली.

"कातड्याचे आहेत. सुतकात चालत नाहीत."

"मग सपाता घालून जा."

"सपाता आणि फाटका शर्ट घातलेल्या माणसाला सभागृहात सोडत नाहीत. नियम आहे."

"तू उपमंत्री आहेस. दारावरचा पोरगा तुला अडवेल?"

"अडवायला हवं त्याने."

हागितने फ्रिज उघडला, त्यातलं पाणी काढलं, त्याला दिलं. तो प्यायला. बाहेर सगळे गप्प होते, म्हणजे ऐकत होते.

"ओस्नातने काय कबूल केलंय?" तिने विचारलं.

"काही नाही."

"सासोन."

"हिवाळ्यानंतर खातं देतील. पूर्ण. म्हणाली, विरोधात मत दे असं मी म्हणू शकत नाही, बाजूने दे असंही म्हणत नाही, तू फक्त आईजवळ बस." त्याने ग्लास ओट्यावर ठेवला. "आत राहिलो तर पुढे काहीतरी करता येईल, हागित. बाहेर फेकलं तर मग कोण आहे यांचं?"

"हे तू किती वर्षं म्हणतोयस?"

"एकदम बरोबर आहे म्हणून म्हणतोय."

"एका शब्दात विचारते," हागित म्हणाली. "जाणार?"

सासोनला पहिल्यांदाच कळलं की समोरून हा प्रश्न आला की कसं वाटतं. त्यात राग येत नाही. डोकं एकदम स्वच्छ होतं आणि त्यात शंभर वाक्यं येतात, सगळी खरी, सगळी लांब. मंत्र्यांनाही असंच झालं असणार. बिचारे.

तिला एक गोष्ट सांगता आली असती. इस्पितळात डॉक्टर बाहेर आले, त्यांनी मान हलवली, आणि आई गेली हे कळल्यावर त्याच्या मनात पहिल्यांदा जे आलं ते आईबद्दल नव्हतं. पहिल्यांदा आलं, सात दिवस कुणी माझं मत मागणार नाही. मग आई आली. मध्ये फार वेळ गेला नाही. पण क्रम तोच होता, आणि गेले पाच दिवस लोक गळ्यात पडून रडत होते तेव्हा तो तो क्रम उलटा लावायचा प्रयत्न करत होता.

त्याने हे सांगितलं नाही. तो बाहेर गेला आणि बाबांच्या शेजारी गादीवर बसला.

हागित दाराशी गेली. तिने बूट उचलले आणि मर्सेलच्या हातात दिले. मर्सेलने तिच्याकडे बघितलं आणि नेहमीपेक्षा बारीक आवाजात म्हणाली, "बस. तू सकाळपासून जेवली नाहीस." तिने पातेलं उचलून हागितच्या हातात दिलं.

प्लास्कोव्ह आणखी थोडा वेळ उभा राहिला. मग त्याने घड्याळाकडे बघितलं, चालकाला फोन करून सांगितलं की इंजिन बंद कर, आणि खाली बसला.

"मी एकटा गेलो तर," तो म्हणाला, कुणालाच उद्देशून नाही, "तर शब्द मोडला म्हणतील. सुतकातल्या माणसाला फसवलं म्हणतील. पुढच्या वेळी आमच्यातल्या कुणाची आई गेली तर कुणी वजावट देणार नाही." तो खजुराकडे बघत होता. "आणि आमच्या आया सगळ्या नव्वदीच्या आहेत."

*

मतदान नावं पुकारून घ्यायचं ठरलं. चादरीखाली सचिवाचा आवाज एकसुरी चालला होता, प्रत्येक नावामागून बाजूने, विरोधात, बाजूने. हेझीने दोन बश्या घेतल्या. एक बाजूची, एक विरोधाची. प्रत्येक नावाला तो खजुराची एक बी टाकत होता. पाच दिवसांत बियांना तोटा नव्हता.

"सासोन गुर्जी," सचिवाने पुकारलं.

बाबांनी वळून बघितलं.

"तुला बोलावतायत," ते म्हणाले.

"हो, बाबा."

"मग आहे म्हण."

पुढचं नाव आलं. बिया पडत राहिल्या. गेनाने विचारलं की नक्की काय चाललंय, आणि शिमोनने त्याला सांगितलं की त्यांची उद्याची सुट्टी ठरतेय. हाखाम शौल ओठ हलवत होते. प्लास्कोव्हचं नाव आलं आणि गेलं. तो बशीकडे बघत होता.

नावं संपली. हेझीने मोजायला सुरुवात केली. बाजूची बशी त्याने दोनदा मोजली. सत्तावन्न. मग विरोधाची. मोजून झाल्यावर तो थांबला.

"सत्तावन्न," तो म्हणाला.

"तीही?" मर्सेल पातेलं सोडून आली.

"दोन्हीकडे सत्तावन्न."

"बरोबरी झाली तर पडतं," प्लास्कोव्ह म्हणाला. त्याचा आवाज बदलला होता. "बरोबरी झाली तर कलम पडतं."

चार शेजाऱ्यांपैकी एक रडायला लागला. हागितने मर्सेलचा हात धरला, आणि मर्सेलने तो धरू दिला. सासोनने डोळे मिटले. त्याच्या खांद्यांतून काहीतरी उतरत गेलं. त्याच्याशिवायच झालं होतं, आईचं घर त्याच्याशिवायच वाचलं होतं, आणि हिवाळ्यानंतरचं खातंही जागच्या जागी होतं. त्या क्षणी तो घरातला सगळ्यात सुखी माणूस होता. हेझीला ते दिसलं, आणि भावाची आयुष्यात कधी आली नव्हती एवढी किळस आली. मग त्याची नजर बशीवर गेली.

विरोधाच्या बशीत एक बी इतरांपेक्षा चकाकत होती. हेझीने ती उचलली.

"ही ओली आहे," तो म्हणाला.

सगळ्यांनी राहमीमकडे बघितलं. मर्सेलचा नवरा राहमीम पाच दिवसांत एक शब्द बोलला नव्हता. त्याच्या गालात खजूर होता.

"जवळची बशी होती," तो म्हणाला.

ती बी कुठे ठेवावी ते हेझीला कळेना. त्याने ती मुठीत धरली. सत्तावन्न आणि छप्पन. प्लास्कोव्हने पुन्हा एक बोट वर केलं, मग दुसरं, त्या दोन्हींकडे बघितलं आणि हात मांडीखाली घातला.

चादरीखाली सचिवाने घसा साफ केला. पहिल्या वेळी जे नव्हते त्यांची नावं पुन्हा पुकारायची असतात. तसा रिवाज आहे. जेरुसलेम तासाभरावर होतं.

"सासोन गुर्जी."

बाबांनी त्याच्या मांडीवर थाप मारली. "अयूनी, राजा, दुसऱ्यांदा बोलावतायत. मार बसेल."

सासोनने निळ्या फुलांच्या चादरीकडे बघितलं. तिच्यामागे उजेड हलत होता, माणसं दिसत नव्हती. एकोणीस वर्षं त्याच्या आवाजाने देश जागा व्हायचा. त्याने ओठ ओले केले.

"विरोधात," तो म्हणाला.

आवाज चांगला लागला. खोलीत कुणी श्वास घेत नव्हतं. अंब्याचा वास होता म्हणूनही असेल.

"अनुपस्थित," चादरीखालचा सचिव म्हणाला, आणि पुढच्या नावाकडे गेला.

बाबांनी पुढे वाकून चादरीकडे बघितलं, मग मुलाकडे. त्याच्या कानाजवळ तोंड नेऊन, वर्गात बोलतात तसं दबक्या आवाजात, ते म्हणाले, "मोठ्याने बोल रे. मास्तरांना ऐकू नाही गेलं."